मामंजींच्या फटफटीवरून माहेरी

लग्न होऊन तीन वर्षं झाली तरी माझ्या सासऱ्यांनी माझा आवाज ऐकला नव्हता. हे आता नातसुनांना सांगितलं की त्या एकमेकींकडं बघून हसतात. हसा बापड्यांनो. सासऱ्यासमोर तुमच्या तोंडाला कुलूप नाही, हे तुमचं नशीब. आमच्या घरी गोशा होता. बेंबळीच्या पलीकडं काळ्या रानातलं गाव, घर देशमुखाचं, आणि सुनेचं नखसुद्धा परपुरुषाला दिसता कामा नये अशी रीत. सासरा काही परका नव्हे, पण त्याच्याही समोर उभं राहायचं नाही आणि त्याच्याशी बोलायचं तर मुळीच नाही. निजामाचं राज्य जाऊन आठ-नऊ वर्षं झाली होती. गावात शाळा आली होती, निवडणुकीची गाडी कर्णा लावून फिरून गेली होती, पण आमच्या माजघराच्या दाराशी आलं की ते सगळं थांबायचं.

मामंजी घरात यायच्या आधी खाकरायचे. तो खाकरा ऐकला की आम्ही बायका आत व्हायचो. त्यांना काही हवं असलं तर सासूबाईंना सांगायचे, आणि सासूबाई नसल्या तर भिंतीला. "भाकरी आहे का म्हणावं अजून?" असं ते भिंतीला विचारायचे, आणि मी दाराआडून बांगड्या वाजवायची. वाजल्या तर आहे, नाही वाजल्या तर नाही. माणूस वाईट नव्हता हो. माझं पहिलं मूल जगलं नाही तेव्हा याच माणसानं भिंतीला सांगितलं होतं, "रडू नका म्हणावं, जिवापेक्षा जास्त काही नसतं." मी आत उभी राहून त्याही वेळी बांगड्याच वाजवल्या.

घरात लाडाची एकच वस्तू, मामंजींची फटफटी. पोलीस ॲक्शननंतर लष्कराचा एक अधिकारी बदली होऊन जाताना विकून गेला, ती त्यांनी घेतली. बैलांना सालगडी पाणी पाजायचे, पण फटफटी मामंजी स्वतः पुसायचे. ती सुरू झाली की गोठ्यातल्या म्हशी दावं तोडायला बघायच्या आणि सासूबाई म्हणायच्या, "निघाली सवत."

फाल्गुन लागला होता. खळी सुरू होती, घरातली सगळी माणसं, सगळे बैल रानात. माझे मालक परीक्षेसाठी हैदराबादला गेलेले. अशात एका सकाळी माझ्या माहेरचा गडी दारात उभा राहिला, रात्रभर चालून आलेला. माझं माहेर येडशीच्या वर डोंगरात, रामलिंगाच्या रानाला लागून एक वाडी आहे तिथं. गडी पायरीवर टेकला आणि पाणी प्यायच्या आधी म्हणाला, "आईसाहेबांचं काय खरं न्हाय. अन्न सुटलंय. जीव लेकीत अडकलाय. कुनी दारात आलं की इचारत्यात, आली का म्हणून."

मी आत होते. मी चुलीपाशीच बसले. मला बहीण नाही. एक भाऊ आणि मी. आईला मी दिवाळीला भेटले होते तेव्हा ती धडधाकट होती, माझ्या डोक्यावर तेल थापत "सासूला उलट बोलू नकोस" म्हणून बजावत होती.

बैलगाडी जोडायची म्हटलं तर आधी बैल रानातून आणा, मग छकड्याला पडदे लावा, आणि डोंगराची वाट धरा. पोचायला दुसरा दिवस उजाडला असता. मामंजी ओसरीवर येरझाऱ्या घालत होते. सासूबाई दारात जाऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "फिरताय काय नुसते? तुमची सवत कशाला पोसलीय मग? सुनेला मागं बसवा अन् न्या."

ओसरीवरच्या येरझाऱ्या थांबल्या. मग मामंजी म्हणाले, "खुळी झालीस का? लोकं तोंडात शेण घालतील."

"घालू द्या. लोकं काय तिच्या आईला उठवून बसवणार हायेत?"

आमच्या सासूबाईंचं हे असंच होतं. रीत मोडायची तर त्यांनी मोडायची आणि मोडली तरी त्या तुकडे नीट रचून ठेवायच्या. त्यांनी एक गादी आणि घोंगडं गुंडाळून ही एवढी जाड वळकटी केली, बैलाच्या कासऱ्यानं बांधली, आणि फटफटीच्या मागच्या लोखंडी कॅरेजवर, मामंजींच्या पाठीशी टेकवून आडवी आवळली. म्हणजे पुढं मामंजी, मधे वळकटी, आणि उरलेल्या विताएवढ्या जागेवर, पोत्याच्या घडीवर, मी. "हिला धरून बस," त्या मला म्हणाल्या. "थांबायचं असलं तर हिला ओढ. त्यांच्या पाठीला हिसका बसला की ते थांबतील." मग मामंजींना, "ऐकलं न्हवं? रीत बी राहिली अन् काम बी झालं."

माझ्या अंगावर डोक्यापासून गुडघ्यापर्यंत पांढरी चादर घातली, ती पोटाशी बांधली. एका अंगाला दोन्ही पाय सोडून मला बसवलं. दाराबाहेर अख्खं गाव जमलेलं. चादरीआडून मला फक्त पाय दिसत होते, म्हाताऱ्यांचे, पोरांचे, कुणा बाईचे जोडवी घातलेले. कुणीतरी बारीक आवाजात म्हणालं, "देशमुखाची सून बघा गं, घोड्यावर बसली." हसू फुटलं. माझी आई मरणाच्या दारात होती आणि मला त्या घडीला धरणीनं पोटात घ्यावं असं वाटत होतं ते त्या हसण्यापायी. हे खोटं कशाला सांगू?

गावाबाहेर आल्यावर मामंजींनी फटफटी उभी केली. एक वाट सडकेला लागत होती. सडकेनं गेलं की सरळ धाराशिव, तिथून येडशी, आणि मग थोडाच डोंगर. मामंजी फटफटीच्या टाकीकडं बघत बोलायला लागले. "सडकेनं धाराशिवात सगळी ओळखीची. कचेरीपुढनं जावं लागंल. आमची बहीण तिथं, तिचे सासरचे तिथं. त्यापेक्षा रानानं जावं. डोंगराच्या अंगानं गाडीवाट हाय, जरा लांब पडंल." टाकी काही बोलली नाही. मी बांगड्या वाजवल्या. मला सुटल्यासारखं झालं होतं. जवळची वाट सोडून आम्ही लांबची धरली ती आमच्या दोघांच्या लाजेनं धरली, एकट्या मामंजींच्या नव्हे.

गाडीवाट म्हणजे काय, काळ्या मातीत बैलगाड्यांच्या चाकांनी पाडलेल्या दोन खोल चाकोऱ्या आणि मधे गवताचा उंचवटा. फटफटीचं चाक चाकोरीत शिरलं की निघायचं नाव घेत नव्हतं. मामंजींचे पाय दोन्ही बाजूंना पसरलेले, धोतराचा काचा मारलेला, डोक्याचा रुमाल हनुवटीखालून बांधलेला. प्रत्येक खाचेला वळकटी वर उडायची आणि माझ्या तोंडावर यायची. घोंगड्याचा वास अजून माझ्या नाकात आहे. ज्वारी काढलेली रानं, उभे सड, कणसांचे ढीग, आणि कणसं खुडणाऱ्या बाया हातातलं काम टाकून आमच्याकडं बघत उभ्या. पहिल्यांदा मी मान खाली घातली. नंतर नंतर चादरीची फट जरा मोठी केली.

खरं सांगू? मला मजा वाटायला लागली. वाऱ्यानं चादर भरत होती, झाडं मागं पळत होती, आणि आयुष्यात पहिल्यांदा मी पडदा नसलेल्या गाडीतून जात होते. छकड्यात बसलं की पडद्याच्या भोकातून बैलाचं शेपूट दिसायचं, बाकी काही नाही. इथं सगळं आभाळ. थोडा वेळ मी आईला विसरले. मग एकदम आठवलं, आणि माझी मलाच इतकी शरम वाटली की मी चादर ओढून घट्ट धरली आणि पुढचं काही बघितलं नाही. त्या धरण्यात माझा उजवा पाय फटफटीच्या तापलेल्या नळकांड्याला लागला. घोट्यापाशी कातडी भाजली. मी वळकटी ओढली नाही. सासऱ्याला कुठल्या तोंडानं सांगायचं की पाय भाजला?

एका विहिरीपाशी ते आपणहून थांबले. मोटेवर एक म्हातारा होता. मामंजी त्याला म्हणाले, "बाईंना पाणी द्या. आम्ही तिकडं झाडाखाली हाय." आणि पाठ करून उभे राहिले. म्हाताऱ्यानं ओंजळीत पाणी घातलं, मी चादरीत तोंड घालून प्यायले, थोडं घोट्यावर ओतलं. म्हाताऱ्यानं विचारलं, "कुठं निगाला पोरी?" मी मामंजींच्या पाठीकडं पाहिलं आणि गप्प राहिले. तो मामंजींना म्हणाला, "बाई मुकी हाय व्हय?" मामंजी वळकटीकडं वळले. कासरा ढिला झाला होता, तो त्यांनी पुन्हा आवळला, पण घाईत, माझ्या फार जवळ यावं लागू नये म्हणून हात लांब करून. ती गाठ मी बघितली होती. मोकळी होती. मी स्वतः आवळू शकले असते, पण त्यांनी बांधलेली गाठ मी कशी सोडू?

काळं रान संपलं आणि मुरमाड लागलं. डोंगर सुरू झाला. पळस फुलले होते, बाकी सगळं वाळून कोळ झालेलं. धावड्याची, सीताफळीची झुडपं, आणि वाट म्हणजे पावसाच्या पाण्यानं खणून ठेवलेली घळ. फटफटी धापा टाकत होती. हा शेवटचा चढ, हे मला ठाऊक होतं. चढ संपला की वळणावरून आमच्या वाडीची बाभळ दिसते. मामंजी टाकीला म्हणाले, "आता घट्ट धरावं."

मी घट्ट धरलं. वळकटीलाच धरलं, दुसरं धरायला होतं काय? पुढचं चाक एका धोंड्यावर चढलं, फटफटी मागच्या अंगानं बसल्यासारखी झाली, कासऱ्याची गाठ सुटली, आणि वळकटी, तिला धरलेली मी, अशा दोघी कॅरेजवरून मागं घसरलो ते सरळ मुरमात. मामंजींच्या पाठीला हिसका बसायचा तर तो वळकटीनं बसायचा. वळकटी माझ्या मांडीवर होती.

पडल्यावर मी पहिल्यांदा काय केलं? डोक्यावरचा पदर ओढला. गुडघा फुटलेला, हातातल्या सगळ्या बांगड्या वाढलेल्या, ते नंतर दिसलं. मान वर केली तर मामंजी पुढं चाललेच होते. फार लांब नव्हते. त्यांच्या रुमालाचं मागचं टोक वाऱ्यावर हलत होतं ते मला दिसत होतं. हाक पोचली असती.

मी तोंड उघडलं. पण हाक कशी मारायची? ‘मामंजी’ हा शब्द सासूबाईंशी बोलताना दिवसातून शंभरदा तोंडात यायचा, पण त्यांना ऐकू जाईल असा एकदाही आला नव्हता. भर डोंगरात सुनेनं सासऱ्याला ओरडून हाक मारायची, आणि वर कुणी गुराखी असला तर? तोंडातून वारा निघाला नुसता. मग वाट वळली आणि ते झुडपांआड गेले. आवाज तेवढा येत राहिला. मला वाटलं, आता थांबेल. आता कळेल त्यांना. एवढं जड माणूस मागून गेलं, कळेलच की. आवाज बारीक बारीक होत गेला आणि मग डोंगरानं तो गिळला.

आणि मी काय करत होते? मी वळकटी उलगडून नीट गुंडाळत होते. ते परत येतील तेव्हा ती मधे ठेवायला लागेल ना. घोंगड्यावरचा मुरूम झटकला, घडी जुळवली, कासरा दोनदा फिरवून गाठ मारली, चांगली सुटणार नाही अशी. एवढं सगळं सावकाश, देवघरात बसल्यासारखं. मग ती वळकटी शेजारी ठेवून वाटेच्या कडेला पाठमोरी बसले, म्हणजे ते आले तर तोंड दिसू नये.

खालून एक लमाण बाई आली, डोक्यावर सरपणाची मोळी, हातभर हस्तिदंती बांगड्या, घागऱ्याला आरसे. मला बघून थबकली. "काय गं बाई, हितं गादी घेऊन निजाया आली का?"

तिनं माझा गुडघा पाहिला, मोळी खाली टाकली, आणि समोर येऊन बसली. तिच्यासमोर कसला गोशा? मी सांगितलं, फटफटीवरून पडले.

"नवरा टाकून गेला व्हय?"

"नवरा न्हाय. सासरे."

"अन् त्याला म्हाईत न्हाय?"

मी मान हलवली. ती हसायला लागली. तोंडावर ओढणीचं टोक धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. मग म्हणाली, "मग वरडली का न्हाईस?"

मी सांगितलं, आमच्यात सासऱ्याशी बोलत नाहीत.

ती हसायची थांबली. माझ्याकडं जरा वेळ बघितलं आणि म्हणाली, "तुमच्यात आग लागली तर काय करत्यात?" हे तिनं चिडवायला विचारलं होतं, पण माझ्या डोक्यात संताप उसळला. तू कोण मला विचारणारी? मोळी विकणारी बाई तू. हे मी बोलले नाही, पण तोंडावर दिसलं असणार, कारण ती उठली, मोळी डोक्यावर घेतली आणि म्हणाली, "ऊठ, वाडीची वाट मला ठाव हाय. बसून काय करतीस?" मग मला सुचलं की मला पायही आहेत. तोवर हे सुद्धा सुचलं नव्हतं.

आम्ही निघालो. पुढं ती मोळी घेऊन, मागं मी काखेत वळकटी घेऊन. अनवाणी, चढ, ऊन डोक्यावर. दोन्ही पाय घोट्याच्या वरपर्यंत मुरमाच्या लाल धुळीनं भरले होते. ती दोनदा म्हणाली की टाक ते गठुडं. मी टाकलं नाही.

चढाच्या माथ्यावर फटफटीचा आवाज आला. वरून, वाडीकडून. मामंजी इतक्या जोरात येत होते की लमाण बाई वाट सोडून झुडपात शिरली. माझ्यापुढं येऊन त्यांनी फटफटी अशी थांबवली की ती आडवीच झाली. ती तशीच टाकून ते माझ्याकडं आले. मी पाठ करायला लागले.

"थांब," ते म्हणाले. भिंतीला नाही, टाकीला नाही. मला. त्यांनी माझ्या तोंडाकडं बघितलं, पहिल्यांदाच. "लई लागलंय का पोरी?"

मी हात हलवला. वाजायला बांगड्या राहिल्या नव्हत्या. तेव्हा मी म्हणाले, "न्हाय." हा माझा त्यांनी ऐकलेला पहिला शब्द. लगेच पुढं विचारलं, "आई?"

"हायेत. वाट बघतायत. चल." त्यांनी माझ्या काखेतली वळकटी ओढून घेतली आणि दरीत भिरकावली. "कमरेला धर. घट्ट. लाजायचं न्हाय आता."

मी त्यांच्या कोटाला दोन्ही मुठींनी धरलं. चादर कुठं पडली ते मला माहीत नाही. उघड्या डोक्यानं, मोकळ्या तोंडानं सासऱ्याच्या पाठीला चिकटून मी माझ्या माहेरच्या वाडीत शिरले, आणि त्या वेळी मला कुणाची लाज वाटली नाही. एवढी अक्कल दोन कोसांआधी आली असती तर. दारापुढं मामंजींनी फटफटी बंद केली. ती बंद झाली आणि आतलं रडणं ऐकू आलं.

आईचं अंग ऊन होतं. मी तिचा हात हातात घेतला तेव्हा बोटं वळत होती. डोळे उघडेच होते, वहिनीनं नंतर मिटले.

अंगणात माणसं जमली. कुणीतरी मामंजींना विचारलं की एवढा उशीर कसा झाला. मी आतून ऐकत होते. मामंजी म्हणाले, "फटफटी बिघडली." जन्मभर ज्यांच्या शब्दावर शिवारातले वाद मिटायचे त्या माणसानं हे सांगितलं, आणि मी आत बसून ते सांगू दिलं. आमच्या दोघांशिवाय खरं माहीत होतं ते माझ्या भावाला आणि वहिनीला. रिकामं कॅरेज त्यांनी पाहिलं होतं. मामंजी दारात येऊन खाली उतरले, पाठमोरेच उभे राहून म्हणाले, "उतरावं." कुणी उतरेना, तेव्हा वळले. भाऊ सांगत होता की त्यांचा चेहरा चुन्यासारखा झाला. आतून आईनं विचारलं, "आली का?" भावानं मामंजींकडं बघितलं. मामंजी पुढं झाले. विहिणीच्या खोलीत जायचं नाही म्हणून उंबऱ्याबाहेर उभे राहिले आणि तिथून म्हणाले, "आली हाय ईनबाई. पाय धुतीय." एवढं बोलून ते मागं फिरले ते मला शोधायला.

त्या दिवसानंतर मामंजी माझ्याशी बोलायला लागले. सासूबाईंनी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हातातलं पीठ तसंच ठेवून बघत राहिल्या, पण काही विचारलं नाही. एकदा पावसाळ्यात ओसरीवर आम्ही दोघंच होतो. मी शेंगा फोडत होते. ते एकदम म्हणाले, "चढावर गाडी हलकी झाली होती. मला कळलं होतं गं. वाटलं वळून बघावं. पण सून मागं बसलेली, पदर-बिदर उडालेला असला तर? म्हटलं चढ धरला असंल गाडीनं." मी शेंगा फोडत राहिले. थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "तू का हाक मारली न्हाईस?" मी म्हणाले, "मारायला आलीच नाही." त्यांनी मान हलवली. आम्हाला दोघांनाही ते पटलं होतं, आणि पटलं याचीच लाज वाटत होती.

पुढं म्हातारपणी ते हीच गोष्ट घोकायचे. फाल्गुन आला, पळस फुलला की म्हणायचे, "एक मातर बरं झालं पोरी. खोटं का असंना, पण आली हाय म्हणून ऐकलं आईसाहेबांनी. समाधानानं गेल्या." मी "होय मामंजी" म्हणायची. ते जाईपर्यंत हेच म्हणत राहिले आणि मी हेच उत्तर दिलं. आईचे दिवस घातले त्या दिवशी मागल्या दारी भांडी घासताना वहिनीनं मला जे सांगितलं, ते मी त्यांच्या कानावर कधी जाऊ दिलं नाही.

वहिनी आईच्या उशाशी बसली होती. ती म्हणाली, "पाय धुतीय म्हटल्यावर आत्याबाईंचं तोंड उजळलं. पदर सारखा करून घेतला माझ्याकडनं. मी उठाया लागले तर माझा हात धरला. म्हणाल्या, घाई करू नका तिला. धुऊ दे सावकाश, लांबनं आलीय. मग बाहेर फटफटी सुरू झाली, तशा म्हणाल्या, व्याही चालले का, त्यांना जेवल्याबिगर जाऊ देऊ नका. अन् दाराकडं बघत राहिल्या. लई येळ बघितलं वन्सं. शेवटी मला जवळ ओढलं अन् इचारलं, लई मळलेत का गं पाय तिचे?"

एवढं विचारून आई गेली.